रंग निराळा, यंत्र तेच : बॅटरीचा नटपाना घेताना



कीटकनाशकाची बाटली घेण्यात आपण आता शहाणे झालो आहोत. बाटलीवर मोठ्या अक्षरांत काय छापले आहे ते सोडून आपण खालचे तांत्रिक नाव वाचतो. इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के एवढे दिसले, की दहा कंपन्यांची दहा नावे एकच औषध सांगत आहेत हे कळते. युरियाचेही तसेच. २०२२ पासून अनुदानित युरिया 'भारत' या एकाच नावाने येतो. पण त्याआधीही गोणी कोणाचीही असो, आत नत्र ४६ टक्केच होते. हा शहाणपणा अवजाराच्या दुकानात जाताना मात्र आपण चपलांबरोबर बाहेर काढून ठेवतो. तिथे रंग पाहतो, नाव पाहतो आणि पैसे मोजतो.

आज एका अशाच वस्तूविषयी लिहितो. बॅटरीवर चालणारा इम्पॅक्ट रेंच, ज्याला आपल्याकडे 'नट खोलायची गन' म्हणतात. बारामती-इंदापूर भागात ती आता घरोघर येऊ लागली आहे. ट्रॅक्टरच्या चाकाचे नट, उसाच्या ट्रॉलीचे टायर, रोटाव्हेटरची पाती ही सगळी कामे ती करते. ३६ पात्यांचा रोटाव्हेटर असला आणि प्रत्येक पात्याला दोन बोल्ट असले, तर नट झाले ७२. हातपान्याने पाती बदलायची म्हणजे दिवस मोडला.

या यंत्रात एक लहान हातोडा असतो. मोटर फिरली की तो आतल्या ऐरणीवर भराभर ठोके देतो आणि ठोक्याठोक्याने नट सुटतो. सलग पिळ नसल्यामुळे मनगटाला हिसका बसत नाही.

लासुर्ण्याजवळची गोष्ट

मागच्या गळीत हंगामात लासुर्ण्याच्या बाजूला एका वस्तीवर गेलो होतो. दोन चुलतभाऊ, दोघांकडेही ट्रॅक्टर, दोघेही कारखान्याला ऊस वाहतात. थोरल्याने गन बारामतीच्या दुकानातून ८,२०० रुपयांना आणली होती. धाकट्याने फोनवरून ५,५०० ला मागवली होती. एक पिवळी, एक निळी, नावे वेगळी. दोन्ही बॅटऱ्यांवर मात्र एकच आकडा छापलेला : ४ अँपिअर-तास.

आदल्या रात्री धाकट्याची भरलेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला पंक्चर झाली होती. संध्याकाळी बॅटरी पूर्ण भरून निघालेला हा गडी. चार नट सुटले आणि गन थंड पडली. हातपाना घरी राहिलेला. अंधारात, मागून येणाऱ्या वाहनांना बॅटरीचा उजेड दाखवत त्याची बायको दोन तास ट्रॉलीमागे उभी होती. कारखान्यावरचा नंबर हुकला तो वेगळाच. पण त्या दोन तासांत एखादे वाहन ट्रॉलीवर आदळले असते तर? तो विचार घरातल्या कोणाच्याच डोक्यातून जात नव्हता.

मी दोन्ही यंत्रे ओट्यावर शेजारी ठेवायला सांगितली. साचा एकच, स्क्रूंच्या जागा त्याच, खटकाही तोच. एकाची बॅटरी दुसऱ्यात सरकत होती.

थोरला चिडला. म्हणाला, "साहेब, यंत्र एकच हाय. दुकानदारानं मला सत्तावीसशेला बुडवलं."

त्याची आई तिथेच गहू निवडत बसली होती. तिने दोन हातांत दोन बॅटऱ्या घेतल्या, जरा खालीवर केल्या आणि म्हणाली, "आरं, ही हलकी लागतीय."

घरात डाळिंब मोजायचा काटा होता. थोरल्याची बॅटरी भरली ६४० ग्रॅम, धाकट्याची ३८० ग्रॅम. आजींना काट्याशिवाय जे कळले, ते आम्हा तिघांना खोक्यावरचा मजकूर वाचूनही कळले नव्हते. यंत्र एकच होते, पण त्यात घातलेली शिदोरी एक नव्हती. 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा', ही म्हण बॅटरीलाही लागू पडते.

वजनात काय दडले आहे?

या बॅटरीत टॉर्चच्या सेलसारखे गोल लिथियम सेल असतात. नेहमीचा सेल १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब आणि वजनाला साधारण ४५ ग्रॅम. अशा एका सेलची साठवण दीड ते तीन अँपिअर-तास, फार तर थोडी अधिक. पाच सेलची एक रांग लावली की तेवढीच साठवण मिळते. ती दुप्पट हवी तर दुसरी रांग लावावी लागते, म्हणजे दहा सेल.

म्हणून हिशेब सोपा आहे. पाच सेलची बॅटरी डब्यासह ३५० ते ४०० ग्रॅम भरते. दहा सेलची ६०० ग्रॅमच्या वर जाते. काही चांगल्या बॅटऱ्यांत जाड सेल वापरतात. त्या पाचच सेलमध्ये ४ अँपिअर-तास देतात, पण त्यांचेही वजन ५०० ग्रॅमच्या आसपास असते. चारशे ग्रॅमच्या आतली बॅटरी ४ किंवा ५ अँपिअर-तासांचा दावा करत असेल, तर तो दावा खोटा समजा. दुकानात वजनकाटा नसला तर शेजारच्या किराणा दुकानात असतोच. लाजू नका.

व्होल्टचा घोळ

एका खोक्यावर १८ व्होल्ट, दुसऱ्यावर २०, तिसऱ्यावर २१. यात मोठा कोण? कोणीच नाही. एका सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट, पाच सेलचे झाले १८. पूर्ण भरल्यावर सेल ४.२ पर्यंत जातो. पाचांचे झाले २१. एक जण सरासरी सांगतो, दुसरा भरल्या पोटी मोजतो.

काही स्वस्त यंत्रांवर '८८ व्हीएफ', '१२८ व्हीएफ' असे आकडे असतात. ते व्होल्ट नव्हेत, नुसती विक्रीची नावे आहेत. खरे पाहायचे तर चार्जर उलटा करून त्यावरचे बारीक अक्षर वाचा. तिथे २१ व्होल्ट लिहिले असेल, तर आत पाच सेलांचीच रांग आहे.

नाव कोणाचे, कारखाना कोणाचा?

मोठ्या कंपन्यांतही नावांची गुंतागुंत असतेच. डीवॉल्ट, स्टॅनली आणि ब्लॅक अँड डेकर ही तिन्ही नावे एकाच अमेरिकन कंपनीची आहेत. मिलवॉकी हे अमेरिकन नाव २००५ पासून हाँगकाँगच्या कंपनीकडे आहे. हिताची कोकी २०१८ मध्ये हायकोकी झाली. उलट, नाव एक असले तरी माल एक असतोच असे नाही. बॉशची कारागिरांसाठीची निळी यंत्रे आणि घरगुती वापराची हिरवी यंत्रे, दोन्ही १८ व्होल्टची, पण एकाची बॅटरी दुसऱ्यात बसत नाही.

तेव्हा मोठ्या अक्षरांतले नाव सोडा आणि खोक्यावरचा बारीक मजकूर वाचा. कायद्याने तिथे उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव व पत्ता, माल बाहेरचा असेल तर मूळ देश, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावाच लागतो. दोन वेगळ्या नावांच्या खोक्यांवर एकच आयातदार सापडला, तर निम्मा उलगडा तिथेच होतो. पत्ताच नसेल, तर ते खोके फडताळावर परत ठेवा.

बॅटरीवर भारतीय मानक ब्यूरोची खूण, आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. फोनवरील 'बीआयएस केअर' या ॲपमध्ये तो क्रमांक घालून खरा-खोटा पाहता येतो. घरातली शाळकरी मुलगी हे काम दोन मिनिटांत करील.

जोर किती लागतो?

जोर न्यूटन-मीटरमध्ये सांगतात. हा आकडा जवळून समजून घ्या. साठ किलोचा माणूस अर्ध्या मीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर उभा राहिला, तर नटावर सुमारे २९० न्यूटन-मीटर जोर पडतो. तुमच्या चाकाचा नट पान्यावर उभे राहून सुटत असेल, तर निदान तेवढा खरा जोर हवा; गंजलेल्या नटाला त्याहून जास्त.

खोक्यावरचा आकडा पुष्कळदा नट सोडवण्याचा असतो, आवळण्याचा त्याहून कमी असतो. म्हणून दोन यंत्रांची तुलना करताना सोडवण्याची सोडवण्याशी आणि आवळण्याची आवळण्याशीच करा. सर्वांत चांगली परीक्षा म्हणजे ट्रॅक्टर घेऊनच दुकानावर जाणे. आधी पान्याने आवळलेला नट, तोच, दोन्ही यंत्रांनी सोडवून पाहा. यंत्राच्या जाळीतून आत ठिणग्या दिसल्या, तर ती कार्बनची मोटर आहे. वर 'ब्रशलेस' लिहिले असले तरी विश्वास ठेवू नका. कार्बनची मोटर वाईट नसते, पण तिचे कार्बन झिजतात आणि बदलावे लागतात.

जास्तीचे पैसे कशाचे द्यावेत?

रंगाचे नकोत. खऱ्या बॅटरीचे द्यावेत, आणि नादुरुस्त झाल्यावर जवळ माणूस असेल त्याचे द्यावेत. दुकानदाराला चार गोष्टी विचारा : जादा बॅटरी सुटी मिळेल का आणि केवढ्याला, खटका व कार्बन कुठे मिळतात, दुरुस्ती बारामतीत होईल की यंत्र पुण्याला पाठवावे लागेल, आणि हमी बॅटरीचीही आहे की नुसत्या मोटरची. उत्तरे पक्क्या पावतीवर लिहून घ्या. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे; पण तिथे बोलायला हातात पावती लागते. बारामतीला कृषी विज्ञान केंद्राच्या आवारात भरणाऱ्या 'कृषिक' प्रदर्शनात जाल, तेव्हाही हेच प्रश्न खिशात ठेवा.

हाताळताना

आवळताना गनचा मोह आवरा. एका ट्रॉलीचे चाक निखळलेले मी पाहिले आहे. गनने जोरजोरात आवळून बोल्ट ताणले गेले होते आणि भरल्या ट्रॉलीखाली ते तुटले. नट आधी हाताने चार आटे फिरवा, समोरासमोरचे नट आळीपाळीने गनने नुसते टेकवा आणि शेवटचा जोर ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे हातपान्याने द्या. एक-दोन खेपांनंतर पुन्हा तपासा.

गनला काळ्या रंगाची इम्पॅक्टची गोटीच लावा. चकचकीत गोटी ठोक्यांनी तडकते आणि तिचा तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. चष्मा वापरा. रोटाव्हेटरखाली हात घालण्याआधी इंजिन बंद, किल्ली खिशात आणि रोटाव्हेटर ओंडक्यांवर टेकवलेला हवा. नुसत्या हायड्रॉलिकवर भरवसा नको.

बॅटरी कडब्याजवळ, गोठ्यात किंवा उशाशी ठेवून रात्रभर चार्ज करू नका. उन्हाळ्यात ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवू नका. बसते म्हणून दुसऱ्या कंपनीची बॅटरी किंवा चार्जर लावू नका. तुमचा चार्जर तुमच्याच बॅटरीला.

शेवटी

प्रत्येकाने गन घ्यावी असे मी म्हणणार नाही. वर्षातून दोनदा चाक काढणाऱ्याला लांब दांड्याचा पाना पुरे. भाऊबंदांत किंवा गटात एक चांगली गन आणि दोन खऱ्या बॅटऱ्या घेतल्या, तर चार घरांत चार लटकी यंत्रे येण्यापेक्षा ते बरे. आणि गन असली तरी हातपाना ट्रॉलीच्या पेटीतून काढू नका.

लासुर्ण्याच्या त्या भावांनी पुढे काय केले? धाकट्याने यंत्र तेच ठेवले, कारण यंत्रात खोट नव्हती. थोरल्याच्या दुकानातून त्याने एक भरीव बॅटरी घेतली. साचा आणि चार्जर एकच असल्याची खात्री दुकानदाराकडून पावतीवर लिहून घेतली. घेण्याआधी बॅटरी काट्यावर ठेवली. सोबत आईला नेले होते.