मंडईचे पाव्हणे आणि दिल्लीचं धोरण

गोंदिया जिल्ह्यातल्या आमगाव-सालेकसा पट्ट्यात कुठल्याही पालकाला विचारा, 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाबद्दल तुमचं मत काय? तो क्षणभर बघत राहील आणि उलट विचारेल, "काहून गुरुजी, शाळा बंद होऊन राहिली का?" केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालो, तरी बाजाराच्या दिवशी मला अजून हेच विचारतात. यात अडाणीपणा शोधू नका. धोरणाची 5+3+3+4 ही रचना गावातून दिसत नाही. दिसतात त्या पटसंख्येच्या याद्या.

डिसेंबर 2017 मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या 1,314 शाळा बंद करून मुलं जवळच्या शाळांत हलवायचा निर्णय गाजला. सप्टेंबर 2023 मध्ये वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' उभारायचे प्रस्ताव शिक्षण आयुक्तालयानं मागवले. शाळा बंद होणार नाही, असं सरकार सांगत राहिलं. मुंबईत बसून दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटू शकतात. नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या टोलीवरच्या आईला मात्र तीन किलोमीटर, मध्ये नाला आणि पावसाळा एवढंच ऐकू येतं. पहिली ते पाचवीची शाळा एका किलोमीटरच्या आत हवी, हा नियम तिला माहीत नसतो. अंतर माहीत असतं.

समूह शाळेची कल्पना मुळात वाईट नाही. कोठारी आयोगानं 1966 मध्येच शाळा-संकुल सुचवलं होतं. सात मुलांच्या शाळेत एकच शिक्षक पाच वर्ग सांभाळतो, तेव्हा कुणालाच धड शिकता येत नाही, हे मी जवळून पाहिलंय. पण गाडी कोणाची, डिझेलचे पैसे कोण देणार, गाडी नाही आली त्या दिवशी काय, याचं उत्तर आधी आणि सुधारणेचं नाव नंतर, हा क्रम कुणी पाळत नाही.

याउलट 1986 चं धोरण घ्या. त्याचा मसुदा आमच्याकडे कोणी वाचला असेल असं वाटत नाही, पण नवेगावबांधचं जवाहर नवोदय विद्यालय पोरापोरांना ठाऊक आहे. ते त्याच धोरणाचं अपत्य. पाचवीत परीक्षा, सहावीत प्रवेश, किमान पंचाहत्तर टक्के जागा खेड्यातल्या मुलांना, राहणं-जेवण सरकारचं. नवोदयात नववीची तीस टक्के मुलं हिंदी भाषक आणि अहिंदी भाषक राज्यांच्या विद्यालयांत अदलाबदलीनं पाठवायची पद्धत आहे. याविरुद्ध आमच्या भागात कधी मोर्चा निघाल्याचं मला आठवत नाही. फायदा डोळ्यांसमोर असला की माणसं अटी पचवतात.

हिंदीचा वाद आठवा. 16 एप्रिल 2025 च्या शासन निर्णयानं पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी सक्तीची केली. 17 जूनला दुरुस्ती आली: हिंदीऐवजी वेगळी भाषा हवी असेल तर ती मागणारी वर्गात किमान वीस मुलं पाहिजेत. (आमच्याकडं अख्ख्या शाळेत वीस भरत नाहीत, त्याचं काय?) 29 जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली, आणि 5 जुलैला वरळीत ठाकरे बंधूंचा विजयी मेळावा झाला. गोंदियाच्या बाजारात निम्मा व्यवहार हिंदीतच चालतो. त्यामुळे 'हिंदी तर टीव्हीवरूनच येते' म्हणत अनेकांनी खांदे उडवले. माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी होता. या जिल्ह्यात कित्येक पोरं घरी पोवारी किंवा गोंडी बोलतात. त्यांच्यासाठी शाळेतली मराठीच दुसरी भाषा असते. शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा, असं 2020 च्याच धोरणात लिहिलंय. त्या कलमावर टीव्हीवर चर्चा रंगल्याचं मी पाहिलं नाही.

मग मत बनवतं कोण? एक तर आम्ही मास्तर. पद धोक्यात आलं की गावाला पहिली बातमी आम्हीच देतो, आणि पद सुरक्षित राहणार असेल तर तोच निर्णय कपाटात राहतो. दुसरा, पालकाचा स्वतःचा भूतकाळ. शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत नापास करणं थांबवलं. परीक्षा आणि मूल्यमापन थांबवलं नव्हतं. पण ज्यांनी चौथीची, सातवीची भीती अनुभवली, त्यांनी ठरवून टाकलं की आता शाळेत शिकवतच नाहीत. 2019 ला कायदा बदलला, मग राज्यानं पाचवी-आठवीची वार्षिक परीक्षा परत आणली, तेव्हा पालक खूश. त्यानं मुलाचं वाचन सुधारलं का, हे कोणी विचारलं नाही.

तिसरं कारण मला सगळ्यात जोरकस वाटतं: मंडई. दिवाळीनंतर गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, रात्री दंडारीचा खेळ किंवा नाटक. नागपूरहून, रायपूरहून जावई-पाव्हणे येतात. "पोट्टा कोणत्या शाळेत?" या एका प्रश्नात जिल्हा परिषदेची शाळा हरते. पुढच्या जूनमध्ये कॉन्व्हेंटची पिवळी व्हॅन गावात शिरते, पट आणखी घटतो आणि शाळा यादीत जाते. म्हणजे बंद होण्याची भीतीच शाळा रिकामी करते. व्हॅनमधल्या पोराला खरंच जास्त वाचता येतं का, हे तपासणारा पालक मला क्वचितच भेटला.

लोकांना विचारलंच नव्हतं असं नाही. 2020 च्या धोरणाआधी अडीच लाख ग्रामपंचायतींकडून सूचना मागवल्याचं केंद्र सरकार सांगतं. पण विचारायची खरी जागा कायद्यानं आधीच दिलीय: शाळा व्यवस्थापन समिती. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या बायका. तिची बैठक आपण ऐन धानाच्या रोवणीत दुपारी बोलावतो. बायका चिखलात असतात, आणि सह्यांचं रजिस्टर संध्याकाळी घरोघर फिरतं. बैठक मंडईच्या आठवड्यात, रात्री, दंडारीच्या आधी ठेवा. पाव्हणेही बसू द्या. तिसरीच्या चार पोरांना सगळ्यांपुढं धडा वाचायला लावा. दोन झेडपीची, दोन व्हॅनची. त्यानंतर धोरणाबद्दल मत विचारा.