अहवाल निर्दोष, अंग मात्र दुखरे

कड्याकपारींत उमेदीची वर्षे घालवलेल्या कणखर माणसालाही दीर्घकाळची अंगदुखी आणि थकवा ग्रासू शकतो. तपासण्यांत काहीच सापडत नाही, तेव्हा काय शोधावे, काय टाळावे आणि घरच्यांनी कसे वागावे, याचा हा परामर्श.

लिंगाणा, तैलबैला, नाणेघाटाजवळचा वानरलिंगी, खंडाळ्याची नागफणी. सह्याद्रीच्या या काळ्या कातळावर तरुणपणी दोर लावून चढलेल्या स्त्री-पुरुषांची एक पिढी आता साठी-सत्तरीत आली आहे. या मंडळींना शारीरिक वेदना नवी नसते. बोटांच्या पेरांवर अंगाचा भार तोलणे, तासन् तास उन्हात कड्याला बिलगून राहणे, खरचटलेल्या हातांनी रात्री चूल पेटवणे, हे सारे त्यांनी हौसेने केलेले असते. म्हणूनच अशा व्यक्तीने एके दिवशी ‘सगळे अंग दुखते, जिना चढवत नाही’ असे म्हटले, की घरच्यांना ते खरेच वाटत नाही. त्या व्यक्तीला स्वतःलाही ते पटत नाही.

एक प्रातिनिधिक चित्र डोळ्यांसमोर आणू. वय बासष्ट, तीस-पस्तीस वर्षांचा आरोहणाचा अनुभव. गेल्या आठ-दहा महिन्यांत दुखणे हळूहळू वाढत गेले. आधी खांदे, मग पाठ, मग मांड्या. रात्री झोप लागते, पण सकाळी उठल्यावर विश्रांती मिळाल्यासारखे वाटत नाही. नावे आठवत नाहीत, वाचलेले लक्षात राहत नाही. रक्ततपासणी झाली, क्ष-किरण झाले, एमआरआयही झाला. ‘वयोमानानुसार थोडी झीज’ यापलीकडे कशातही काही नाही. दुखणे हत्तीच्या पावलाने येते आणि मुंगीच्या पावलाने जाते, असे आपण म्हणतो. हे दुखणे मात्र येतेही मुंगीच्याच पावलाने, आणि त्यामुळेच ते नेमके कधी सुरू झाले हे सांगता येत नाही.

ओळखीचे दुखणे आणि अनोळखी दुखणे

प्रस्तरारोहकाची नेहमीची दुखणी ठरलेली असतात. बोटांतील कंडरा हाडाशी धरून ठेवणारे पट्टे ताणले जातात किंवा तुटतात, कोपराच्या कंडरांना इजा होते, खांद्याभोवतीचे स्नायू झिजतात. या दुखण्यांना ठावठिकाणा असतो. कोणत्या हालचालीने कळ येते आणि कशाने उतार पडतो, हे रुग्ण बोट ठेवून सांगू शकतो. काही आठवड्यांच्या विश्रांतीने आणि योग्य व्यायामाने बहुतेकदा आराम पडतो.

आपण ज्याविषयी बोलत आहोत ते दुखणे असे नाही. ते जागा बदलते, शरीराच्या दोन्ही बाजूंना पसरते, विश्रांतीने मिटत नाही आणि थकवा सोबत घेऊन येते. अशा वेळी जुन्या आरोहकाची पहिली चूक ठरलेली असते. तो या दुखण्याला ओळखीचे समजतो आणि ‘सराव सुटला म्हणून अंग दुखते’ या समजुतीने व्यायाम दुप्पट करतो. ज्या जिद्दीने त्याला कडे सर करून दिले, तीच जिद्द येथे अपाय करू शकते.

आधी कसून शोध

‘कारण सापडत नाही’ असे म्हणण्यापूर्वी कारण नीट शोधले गेले आहे का, हे पाहणे आवश्यक आहे. थकवा आणि अंगदुखी यांमागे पूर्णपणे बरे होऊ शकणारे आजारही असतात. डॉक्टरांशी पुढील बाबींची चर्चा जरूर करावी.

रक्तक्षय, मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार आणि थायरॉइड ग्रंथीचे मंदावलेले काम यांची तपासणी साध्या रक्तचाचण्यांनी होते. ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची कमतरता शुद्ध शाकाहारी व्यक्तींत, तसेच मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत आढळते. तिच्यात थकव्यासोबत हातापायांना मुंग्या येतात. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेत हाडे ठणकतात आणि जमिनीवरून उठताना किंवा जिना चढताना मांड्यांत जोर उरत नाही. आपल्या देशात ऊन भरपूर असले, तरी ही कमतरता सर्रास आढळते.

पन्नाशीनंतर उद्भवणारा ‘पॉलिमायल्जिया रुमॅटिका’ हा विकार भारतात तुलनेने कमी दिसतो, पण तो लक्षात ठेवायलाच हवा. त्यात सकाळी दोन्ही खांदे आणि कंबरेचा भाग पाऊण तासाहून अधिक वेळ आखडलेला राहतो, केस विंचरायला हात वर जात नाही आणि रक्तातील ईएसआर व सीआरपी सहसा वाढलेले असतात. स्टेरॉइडच्या अल्प मात्रेने रुग्णाला काही दिवसांतच स्पष्ट आराम वाटू लागतो.

कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गटातील गोळ्यांनी काहींचे स्नायू दुखतात. अशी शंका आल्यास गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना विचारावे. सीपीके ही चाचणी येथे उपयोगी पडते. घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे, हेही न उतरणाऱ्या थकव्याचे एक दुर्लक्षित कारण आहे. नैराश्य अंगदुखीच्या रूपाने प्रकट होऊ शकते, आणि दीर्घ वेदनेतूनही नैराश्य येऊ शकते. दोन्ही बाजूंनी विचार व्हावा.

आधी येऊन गेलेल्या तापाची आठवणही महत्त्वाची आहे. चिकुनगुनियाचे वर्णन १९५२ साली आफ्रिकेतील टांगानिकात उद्भवलेल्या साथीवरून झाले. तेथील माकोंडे भाषेतील या नावाचा रोख वेदनेने वाकून गेलेल्या शरीराकडे आहे. दीर्घ खंडानंतर २००५-०६ मध्ये ही साथ भारतात पुन्हा पसरली, तेव्हा महाराष्ट्रानेही ती अनुभवली. या तापानंतर सांधेदुखी महिनोन् महिने रेंगाळू शकते. कोविडनंतर राहिलेला थकवाही याच गटात मोडतो.

येथे थांबू नये

काही लक्षणे दिसल्यास वाट पाहू नये. नकळत घटणारे वजन, रेंगाळणारा ताप, रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, पायांतील बळ जाणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे, यांपैकी काहीही असल्यास त्वरित तपासणी करावी. वृद्धांमध्ये हाडदुखी आणि रक्तक्षय एकत्र आढळल्यास मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगाची शक्यता डॉक्टर तपासून पाहतात. श्रमाबरोबर येणारी धाप किंवा छातीतील जडपणा हृदयाचा असू शकतो. स्त्रियांत आणि मधुमेहींत तो केवळ ‘थकवा’ म्हणूनही जाणवतो. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली कानशिलाची डोकेदुखी, चावताना दुखणारा जबडा आणि दृष्टीत अचानक झालेला बदल ही धमनीदाहाची खूण असू शकते. त्यात दृष्टी कायमची जाण्याचा धोका असल्याने त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

काहीच सापडले नाही, तर?

या सर्व शक्यता तपासूनही हाती काही लागले नाही, म्हणजे वेदना खोटी ठरत नाही. आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेने २०१७ मध्ये वेदनेच्या एका तिसऱ्या प्रकाराला शास्त्रीय नाव दिले. पहिल्या प्रकारात ऊतींना इजा झालेली असते, दुसऱ्यात मज्जातंतूंना. तिसऱ्या प्रकारात, ज्याला ‘नोसिप्लास्टिक’ वेदना म्हणतात, इजेचा स्पष्ट पुरावा नसतानाही वेदना जाणवणारी यंत्रणाच अतिसंवेदनशील झालेली असते. ध्वनिक्षेपकाचा आवाज कोणीतरी वाढवून ठेवावा आणि कुजबुजही कर्कश ऐकू यावी, तसे हे घडते. याच संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा रुग्ण आपल्या वेदनेविषयी जे सांगतो त्याचा आदर व्हावा, हेही स्पष्ट नोंदवले. तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या अशा वेदनेला जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या रोगवर्गीकरणात ‘दीर्घकालीन प्राथमिक वेदना’ असे स्वतंत्र स्थान आहे.

फायब्रोमायल्जिया हा याच गटातील परिचित आजार. पूर्वी, १९९० च्या निकषांनुसार, शरीरावरील अठरा ठरावीक बिंदूंपैकी किमान अकरा दाबल्यावर दुखले, तरच हे निदान होई. २०१० च्या निकषांत ही अट गेली. आता दुखऱ्या भागांचा विस्तार, थकवा, झोप आणि स्मरणशक्ती यांचा एकत्र विचार होतो. हा आजार स्त्रियांत अधिक आढळतो, म्हणूनच पुरुषांत तो ओळखायला विलंब लागतो.

दुसऱ्या दिवसाची परीक्षा

येथे एक प्रश्न निर्णायक ठरतो: श्रम केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काय होते?

फायब्रोमायल्जियात हळूहळू वाढवलेला व्यायाम हा सर्वांत भक्कम पुराव्यावर उभा असलेला उपचार आहे. प्रारंभी पाच-दहा मिनिटे सपाटीवर चालणे, पाण्यातील व्यायाम किंवा सौम्य योगासने पुरतात. पहिले काही दिवस अंग थोडे अधिक दुखते, पण आठवड्यांनी सुधारणा दिसते.

याउलट ‘एमई’ अथवा ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ या आजारात थोड्याशा श्रमानेही प्रकृती ढासळते. ही घसरण अनेकदा लगेच न येता काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी येते आणि कित्येक दिवस, कधी आठवडे टिकते. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ मध्ये हे लक्षण निदानाच्या केंद्रस्थानी ठेवले. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने ऑक्टोबर २०२१ च्या मार्गदर्शिकेत, ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार अशा रुग्णांना देऊ नये, असे सांगितले. म्हणजे एका आजारात जे औषध, तेच दुसऱ्यात अपथ्य. निदान स्पष्ट होण्याआधी ‘चालत राहा, सगळे ठीक होईल’ असा आग्रह धरू नये, तो यासाठीच.

हा भेद ओळखण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही, एक वही पुरते. दोन-तीन आठवडे रोज तीन नोंदी कराव्यात: आज काय श्रम केले, झोप कशी झाली, आणि दुखणे व थकवा दहापैकी किती. पान उलटून पाहिले, की श्रम आणि घसरण यांतील अंतर आपोआप दिसू लागते.

निदान कोणतेही असो, शक्तीचा जमाखर्च दोन्हीकडे आवश्यक आहे. चांगल्या दिवशी उत्साहाने सारी कामे उरकायची आणि मग तीन दिवस अंथरुणाला खिळायचे, हे चक्र तोडावे लागते. चांगला दिवस उगवला तरी ठरवलेली मर्यादा ओलांडू नये. आरोहकाला हे समजावणे तसे सोपे आहे. सुळक्यावर चढताना उतरण्यापुरती ताकद राखून ठेवायची असते आणि थारा मिळेल तेथे विसावा घ्यायचा असतो, हे तो जाणतोच. आता तो हिशेब स्नान, स्वयंपाक आणि जिन्याला लावायचा आहे.

औषधांबाबत सावधगिरी

साध्या वेदनाशामक गोळ्या या प्रकारच्या दुखण्यात फारशा लागू पडत नाहीत. वृद्धांत त्या जठर, मूत्रपिंड आणि रक्तदाब यांना अपाय करू शकतात. अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन, प्रीगॅबालिन ही औषधे काहींना उपयोगी पडतात, पण त्यांनी गुंगी किंवा चक्कर येऊन तोल जाण्याचा धोका असतो. ती घेताना रात्री उठण्याच्या वाटेवर दिवा असावा. जे अजूनही कड्यावर जातात, त्यांनी ही औषधे चालू असल्याचे सोबत्यांना सांगावे आणि गुंगी असताना दुसऱ्याचा दोर मुळीच धरू नये. त्या दोरावर दुसऱ्याचा जीव असतो.

‘ड’ जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची साप्ताहिक पुडी महिनोन् महिने मनाने घेऊ नये. अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम वाढते आणि मळमळ, बद्धकोष्ठता, तहान व थकवा हीच लक्षणे उद्भवतात. ‘एका पुडीत सांधेदुखी गायब’ अशा बिननावाच्या चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. असे काही दीर्घकाळ घेतले असल्यास ते एकाएकी थांबवणेही घातक ठरू शकते. डॉक्टरांना विश्वासात घ्यावे.

घरच्यांसाठी

‘रिपोर्ट चांगले आहेत, मग दुखते कसे?’, ‘तुम्ही तर डोंगर चढायचात, बाबा!’, ‘वय झाले, चालायचेच.’ ही वाक्ये प्रेमानेच उच्चारली जातात, पण ऐकणाऱ्याला ती खोटे पाडतात. मग तो सांगणेच सोडतो, आणि सांगणे थांबले की एखादे नवे, गंभीर लक्षणही दडून राहते. त्याऐवजी ‘आज कितपत दुखते आहे?’ एवढे विचारावे आणि उत्तर ऐकून घ्यावे. कामे काढून घेण्यापेक्षा वाटून घ्यावीत. भाजी निवडणे बसून होते, बाजारहाट दुसऱ्याने करावी.

डोंगर सुटल्याचे दुःख स्वतंत्र असते. ज्याची ओळखच कड्यांशी जोडलेली आहे, त्याला घरात बसून राहणे दुखण्याइतकेच जाचते. जुन्या सोबत्यांना घरी बोलवावे. पायथ्याच्या गावापर्यंत गाडीने जाता येते. नवोदितांना गाठी शिकवणे, साहित्य तपासणे, मोहिमेची आखणी करणे ही कामे खुर्चीवर बसून होतात आणि अनुभवी माणसाविना होत नाहीत.

सेवा करणाऱ्यानेही स्वतःची झोप आणि आठवड्यातील काही तास राखून ठेवावेत. हे दुखणे वर्षांच्या हिशेबात चालते.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना एकच कागद सोबत न्यावा: दुखणे कधीपासून आणि कोठे, त्याआधी कोणता ताप आला होता, सकाळचा आखडलेपणा किती वेळ टिकतो, श्रमानंतर दुसऱ्या दिवशी काय होते, चालू असलेली सर्व औषधे, आणि रुग्णाला पुन्हा करावेसे वाटणारे एक काम. पुढील भेटीची तारीख ठरवूनच निघावे. निदान झाले असले, तरी नवे लक्षण दिसताच पुन्हा तपासणी करून घ्यावी. ‘ते जुनेच दुखणे असेल’ असे घरीच ठरवू नये.