दर्या, दऱ्या आणि एक बिट

वसईच्या पश्चिमेला दर्या आहे आणि पूर्वेला तुंगारेश्वरच्या डोंगरातल्या दऱ्या. सहलीहून आलेला विद्यार्थी समाजमाध्यमावर छायाचित्रे टाकण्याआधी नुसता एक शब्द लिहितो: ‘दर्या’. आता हा अर्नाळ्याला गेला होता की तुंगारेश्वरला?

चूक केवढीशी आहे ते पाहू. फोन अक्षरे ओळखत नाही, क्रमांक ओळखतो. ‘युनिकोड’ या जागतिक पद्धतीत ‘र’चा क्रमांक २३५२ आणि ‘ऱ’चा २३५३. द्विमान पद्धतीत पहिला १००१००११०००० असा, तर दुसरा १००१००११०००१ असा लिहितात. शब्दातील बाकीची चिन्हे दोन्हीकडे तीच. म्हणजे शेवटच्या शून्याचा एक झाला, की समुद्राच्या दऱ्या होतात!

त्याने ‘दर्या पाहिल्या’ असे लिहिले असते, तर मात्र आपण अडलो नसतो. दर्या पुल्लिंगी, एकवचनी. तो ‘पाहिला’ जातो. ‘पाहिल्या’ हे क्रियापद चूक दाखवते आणि सुधारूनही देते. लिंग-वचनाची माहिती नामात असते, तीच क्रियापदात पुन्हा येते. अशा पुनरुक्तीमुळे बिघडलेला संदेशही दुरुस्त करता येतो, हे क्लॉड शॅनन यांच्या १९४८ सालच्या संदेशवहनाच्या सिद्धान्तातून स्पष्ट झाले. संगणकही संदेशाला तपासणीचे जादा बिट जोडतात. मराठीत हे काम व्याकरण फुकट करते. पण घाईत लिहिणारा आधी क्रियापदच गाळतो.

या काटकसरीला थोडा इतिहास आहे. मोबाइलच्या एका लघुसंदेशात १४० बाइट, म्हणजे ११२० बिट मावतात. रोमन अक्षराला ७ बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरे. देवनागरी चिन्हाला १६ लागतात, म्हणून फक्त ७०. त्यांत काना, वेलांटीही मोजायची! मराठी रोमन लिपीत लिहिण्याची सवय जडण्याचे हे एक कारण. आजच्या संदेशसेवांत ही अडचण उरलेली नाही, सवय उरली आहे. रोमनमधले ‘के-ए-एल’ म्हणजे काल, काळ, कळ की कल, हे वाचणाऱ्याने ठरवायचे.

आणखी एक गंमत. काही कळफलक ‘ऱ्या’ लिहिताना ‘ऱ’ न वापरता ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण ‘दऱ्या’ची चिन्हे एकात पाच, तर दुसऱ्यात सहा होतात. साहजिकच एका प्रकारे शोधले, तर दुसऱ्या प्रकारे लिहिलेला शब्द सापडेलच असे नाही. मित्राच्या फोनवरून ‘दऱ्या’ मागवा, आपल्या फोनवर तोच शब्द टंकून शोधा आणि काय होते ते वहीत नोंदवा.