कॅसिनोचे गणित आणि तारापूरचा प्रवासी

बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या माणसाला कॅसिनो आता फार दूर राहिलेला नाही. दिवाळीचा बोनस हाती आल्यावर चार-सहा सहकाऱ्यांनी गोव्याची सहल ठरवावी, वसई रोडवरून कोकण रेल्वेने मडगाव गाठावे आणि एक रात्र पणजीजवळ मांडवी नदीत नांगरलेल्या कॅसिनो-जहाजावर घालवावी, हे सहज घडण्याजोगे आहे. तिथे पैसा कसा जातो, याचा उलगडा मात्र नशिबाच्या चर्चेने होत नाही. त्यासाठी कायदा आणि अंकगणित पाहावे लागते.

महाराष्ट्राने 1976 साली कॅसिनोंवर नियंत्रण व कर यांसाठी कायदा केला होता. परंतु तो कधीच अमलात आला नाही आणि 2023 मध्ये रद्दही झाला. त्याच 1976 साली गोवा, दमण व दीव या तत्कालीन केंद्रशासित प्रदेशासाठी सार्वजनिक जुगाराला बंदी करणारा कायदा झाला, मात्र पुढे गोव्यात त्यात दुरुस्त्या होऊन आधी पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांवरच्या खेळांना आणि नंतर जहाजांवरील पत्ते व चक्राच्या खेळांना परवानगी मिळाली. वापीहून अवघ्या 12 किलोमीटरवर असलेले, म्हणजे बोईसरकरांना गोव्यापेक्षा कितीतरी जवळ असलेले दमणही त्या प्रदेशात होते. परंतु कॅसिनोचा व्यवसाय रुजला तो गोव्यात.

त्या गोव्यातच 1 फेब्रुवारी 2020 पासून स्थानिक रहिवाशांना कॅसिनोत खेळण्यास मनाई झाली असून खेळाची मुभा केवळ पर्यटकांना आहे. ज्या सरकारला या व्यवसायातून परवाना शुल्क आणि कर मिळतो, त्याच सरकारला आपल्या माणसांना त्यापासून दूर ठेवावेसे वाटते, ही बाब बाहेरून जाणाऱ्याने फार गांभीर्याने घ्यायला हवी; कारण हा सगळा पसारा ज्याच्या खिशावर चालतो, तो बाहेरचा माणूस म्हणजे तोच असतो.

आता अंकगणित. रूलेट या खेळात एका फिरत्या चक्रावर लहान गोळी सोडतात आणि ती कोणत्या आकड्यावर थांबेल यावर पैसे लावतात. एका शून्याच्या चक्रावर 0 ते 36 असे 37 आकडे असतात, मात्र अचूक आकडा लागल्यास लावलेल्या रकमेच्या 35 पट बक्षीस आणि मूळ रक्कम एवढेच परत मिळते. समजा, प्रत्येक आकड्यावर 100 रुपये ठेवले, तर 3,700 रुपये लावून हमखास 3,600 परत येतात. म्हणजे कोणतीही लबाडी न करता, लागलेल्या दर 100 रुपयांमागे सरासरी 2 रुपये 70 पैसे चालकाकडे राहतात. दोन शून्यांच्या चक्रावर हाच वाटा सव्वापाच टक्क्यांच्या वर जातो. हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण तो खिशातल्या पैशांवर लागू नसून प्रत्येक डावावर लागू असतो: तासाला 500 रुपयांचे 40 डाव खेळणारा तेच ते पैसे फिरवून 20,000 रुपयांची बोली लावतो आणि सरासरीने तासाला 540 रुपये गमावतो. म्हणूनच चालकाला खेळणाऱ्याच्या हरण्यापेक्षा त्याचे बसून राहणे अधिक मोलाचे वाटते. प्रवेशशुल्कातच मिळणारे जेवण, मद्य, नाचगाणी आणि नोटांच्या जागी हाती येणाऱ्या रंगीत चिप्स यांचा विचार याच दृष्टीने करावा.

हरलेला माणूस पुष्कळदा डाव दुप्पट करत जातो, कारण चक्रावर सलग लाल रंगाचे आकडे आल्यावर आता काळा येणारच, अशी त्याची खात्री असते. परंतु गोळीला मागचे काही आठवत नाही. 1913 मध्ये मोंटे कार्लोच्या कॅसिनोत सलग 26 वेळा काळा रंग आला आणि लालवर पैसे लावत राहिलेल्यांची मोठी हानी झाली. 500 पासून दुप्पट करत गेल्यास सहा पराभवांत 31,500 रुपये संपतात, आणि एखाद्या रंगावर लावलेले सहाही डाव ओळीने हरण्याची शक्यता साधारण 55 त एक एवढी, म्हणजे रात्रभराच्या खेळात मुळीच दुर्मीळ नसलेली, असते. सातव्या डावाला 32,000 लागतात. तेवढे जवळ असले, तरी टेबलावर कमाल बोलीची मर्यादा आड येऊ शकते.

जिंकणाऱ्यालाही करांचा हिशेब चुकत नाही. चिप्स घेण्यासाठी दिलेल्या रकमेवर 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के वस्तू व सेवा कर आहे. शिवाय जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के दराने आयकर लागतो आणि त्यातून हरलेली रक्कम वजा करता येत नाही. एका रात्री जिंकून दुसऱ्या रात्री तेवढेच गमावणाऱ्याच्या हाती काही उरत नाही, कर मात्र देणे राहतो.

यातून सर्वांचे सारखेच नुकसान होते असे नाही. सहलीच्या खर्चात आधीच धरलेली ठरावीक रक्कम संपताच उठणाऱ्यासाठी ती करमणुकीची किंमत ठरते. परंतु हरलेले भरून काढण्यासाठी पुन्हा खेळणे, घरी रक्कम लपवणे, ठेकेदाराकडून उचल किंवा सहकाऱ्यांकडून उसने घेणे ही लक्षणे दिसू लागली, तर प्रश्न इच्छाशक्तीचा उरलेला नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने जुगाराच्या व्यसनाची नोंद आजारांच्या वर्गीकरणात केली आहे. अशा वेळी घरच्यांनी दोष देत बसण्याऐवजी मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.