टाकीसकट डोंगर

न्यूझीलंडच्या कॅलेंडरमध्ये काय असणार हे पान न उलटता सांगता येतं. मिलफर्ड साऊंडमधलं माइटर पीक, टेकापो तळ्याकाठचं १९३५ सालचं दगडी चर्च, आओराकी माउंट कुकवरचं बर्फ. सगळं दक्षिण बेटावरचं, आणि बहुतेक चित्रांत माणूस नाही. देशातली जवळपास एक तृतीयांश माणसं मात्र उत्तर बेटावरच्या ऑकलंडमध्ये राहतात. या शहराचा स्वभाव फोटोत कसा धरायचा? आम्हा माउंट रॉस्किलकरांसमोर हा प्रश्न रोज उभा असतो, कारण ज्या डोंगराचं नाव उपनगराला मिळालं तो घरं, दुकानं आणि मोटारवे यांच्या मधोमध आहे.

पुकेतापापा, म्हणजेच माउंट रॉस्किल, जेमतेम ११० मीटर उंच. राजगड चढलेल्या माणसाला ही टेकडीच वाटेल. सुमारे एक लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकातून तयार झालेला हा शंकू ऑकलंडच्या पन्नासहून अधिक ज्वालामुखींपैकी एक. माओरींनी त्याच्या उतारांवर सपाट टप्पे काढले, साठवणीचे खड्डे खणले. १९६१ मध्ये माथा सपाट करून तिथे पाण्याची टाकी बसवली गेली. २००९ मध्ये उत्तरेच्या पायथ्याशी स्टेट हायवे २० चा नवा टप्पा सुरू झाला. माथ्यावरून दक्षिणेला मानुकाऊ बंदराचं पाणी दिसतं, पश्चिमेला वाइताकेरेची रांग, उत्तरेकडे ३२८ मीटरचा स्काय टॉवर, आणि घरांच्या छपरांतून वर आलेले इतर ज्वालामुखी.

इथे कॅमेरा घेऊन येणारा सहसा टाकीकडे पाठ करतो आणि मोटारवे चौकटीबाहेर राहील अशी जागा शोधतो. मला हे पटत नाही. टाकी, रस्ता आणि माओरींचे टप्पे एका चौकटीत आले तरच तो या डोंगराचा फोटो होतो. बाकीचे फोटो देखणे असतील, पण ते कुठल्याही हिरव्या टेकडीचे असू शकतात.

प्रदेशाचा आत्मा टिपण्याची परंपरा अमेरिकेत जोमाने वाढली. कॅलिफोर्निया म्हटलं की आजही अॅन्सेल अॅडम्सची योसेमिटी आठवते, आणि त्यांच्या चित्रांतला निर्जन निसर्ग जगभरच्या हौशी छायाचित्रकारांनी आदर्श मानला. पण त्यांचं सगळ्यात गाजलेलं चित्र निर्जन नाही. १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावी काढलेल्या चंद्रोदयाच्या चित्रात खाली चर्च आहे, घरं आहेत आणि मावळत्या उजेडात पांढरे चमकणारे दफनभूमीतले क्रूस आहेत. ते क्रूस झाकून पाहा, न्यू मेक्सिको उरत नाही. पुढे रॉबर्ट फ्रँक हे स्वित्झर्लंडहून आलेले छायाचित्रकार १९५५-५६ मध्ये अमेरिकाभर फिरले. त्यांच्या ‘द अमेरिकन्स’ या पुस्तकात खानावळी, बस आणि रस्ते आहेत. ते आधी १९५८ मध्ये पॅरिसला छापलं गेलं, अमेरिकेत नंतर.

बाहेरून आलेल्याच्या नजरेला कधीकधी जास्त दिसतं, याचा पुरावा ऑकलंडमध्येही आहे. छायाचित्रकार मार्टी फ्रीडलँडर लंडनहून १९५८ मध्ये इथे आल्या आणि २०१६ मध्ये वारल्या. हनुवटीवर मोको गोंदलेल्या वृद्ध माओरी स्त्रियांची त्यांनी काढलेली चित्रं १९७२ च्या पुस्तकात आहेत. छायाचित्रकार रॉबिन मॉरिसन इथलेच, पण त्यांनीही १९८१ च्या दक्षिण बेटावरच्या पुस्तकात बर्फाच्छादित शिखरांना मान दिला नाही. घरं, कुंपणं, सभागृहं आणि अंगणात उभी असलेली माणसं रस्त्यावरून दिसतात तशी घेतली. न्यूझीलंडच्या प्रदेशाविषयीचं मला सगळ्यात प्रामाणिक वाटणारं पुस्तक हेच.

आपल्याशी थेट जोडलेलं उदाहरण ब्रायन ब्रेक यांचं. या न्यूझीलंडच्या छायाचित्रकाराने १९६० मध्ये भारतातल्या पावसाळ्यावर चित्रमालिका केली आणि ‘लाइफ’ नियतकालिकाने ती १९६१ मध्ये छापली. तिच्यातला सर्वांत प्रसिद्ध फोटो पावसाचे थेंब झेलणाऱ्या मुलीचा. ती मुलगी म्हणजे पुढे दिग्दर्शिका झालेल्या अपर्णा सेन, आणि ते थेंब कोलकात्यातल्या गच्चीवर झारीने ओतलेल्या पाण्याचे. चित्र सुंदर आहे यात वाद नाही. तरी आधी कल्पना ठरवून मग पाऊस आणणं ही पद्धत प्रदेशचित्रणात धोक्याची वाटते, कारण पाहणाऱ्याला जे आधीच ठाऊक होतं तेच ती त्याला परत देते.

महाराष्ट्रात गडांची हवाई छायाचित्रं गोपाळ बोधे यांनी काढली, उद्धव ठाकरे यांचं ‘महाराष्ट्र देशा’ हे हवाई छायाचित्रांचं पुस्तक २०१० मध्ये आलं. माची कशी पसरलीय, बालेकिल्ला कुठे, हे आकाशातून एका नजरेत कळतं. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, तेव्हा ही चित्रं पाहिलेल्या वाचकाला त्यांची रचना वेगळी समजावून सांगावी लागली नाही. न्यूझीलंडमध्ये हे काम १९४५ मध्ये सुरू झालेल्या व्हाइट्स एव्हिएशनने केलं. त्यांचे हाताने रंगवलेले हवाई फोटो इथल्या घराघरांत आणि कचेऱ्यांत लागले. ऑकलंडचे शंकू वरून पाहिले की माओरींचे ‘पा’, म्हणजे तटबंदीच्या वसाहती, टप्प्याटप्प्याने उलगडतात. माउंगाकीएकीए तर या बाबतीत आपल्या कुठल्याही गडाच्या शेजारी ठेवावा.

माउंगाकीएकीएचं दुसरं नाव वन ट्री हिल. माथ्यावरचं एकटं पाइनचं झाड आणि शेजारचा स्मारकस्तंभ, ही ऑकलंडची ओळख झाली होती. पण मूळ देशी झाड १८५२ मध्ये वसाहतवाल्यांनी तोडलं होतं. १९९४ मध्ये एका माओरी कार्यकर्त्याने पाइनवर करवत चालवली, १९९९ मध्ये पुन्हा हल्ला झाला आणि २००० मध्ये ते धोकादायक झाड उतरवावं लागलं. २०१६ मध्ये तिथे देशी रोपं लावली गेली. या डोंगराचे १९९० चे, २००५ चे आणि आजचे फोटो शेजारी ठेवले तर देशाचा निम्मा इतिहास सांगता येतो, आणि त्यातला कुठलाही एक फोटो एकट्याने तो सांगू शकत नाही.

माउंट रॉस्किलला लागून थ्री किंग्ज आहे, ते तातुआ आ रिऊकिऊता. तिथे मोठे तीन शंकू होते. खाणवाल्यांनी स्कोरिया, म्हणजे ज्वालामुखीचा खडक, काढून नेला आणि आता एकच उभा आहे. बाकीचे पाहायचे तर जुन्या फोटोंतच.

आमचा डोंगर मात्र वाचला. शंकूंची खोदाई रोखण्यासाठी १९१५ मध्येच कायद्यात तरतूद झाली होती; ती बरीच वर्षं दुर्लक्षित राहिली. २००० नंतर मोटारवेचा आराखडा पुकेतापापाच्या उताराला कापणार असं दिसलं, तेव्हा याच जुन्या तरतुदीमुळे त्यात मोठे बदल करावे लागले. आज रस्ता डोंगराला खेटून जातो, पोटातून नाही. म्हणून मोटारवे फोटोत हवा असं मी आग्रहाने म्हणतो. त्या दोघांतल्या अंतरात एक लढा जिंकलेला आहे.

याच शहरात दृश्य राखणारा नियमही आहे. १९७६ पासून ठरावीक ठिकाणांहून ज्वालामुखींकडे जाणाऱ्या दृष्टिरेषा राखून ठेवल्या आहेत, त्यांच्या आड येईल इतकी उंच इमारत बांधता येत नाही. हार्बर ब्रिजकडून येताना माउंगाफाऊ हा ज्वालामुखी आजही दिसतो तो त्यामुळे. पुण्यात पर्वतीसाठी असं काही वेळेवर झालं असतं तर, हा विचार इथे राहणाऱ्या मराठी माणसाच्या मनात येतोच. २०१४ मध्ये पुकेतापापासह चौदा डोंगर कायद्याने तेरा माओरी समूहांच्या मालकीत परत आले. म्हणून टप्प्यांची कड तुडवू नये, खड्ड्यांत उतरू नये, ड्रोनसाठी आधी परवानगी विचारावी.

उजेडाबद्दल थोडं. इथे सूर्य उत्तरेकडून फिरतो, त्यामुळे दक्षिण उतार बराच वेळ सावलीत असतो. पुण्यात जूनमध्ये दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. इथे तेव्हा हिवाळा, आणि भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम तीस अंशांवर. तिरप्या उन्हात गवताखालच्या प्रत्येक टप्प्याला सावली पडते आणि उन्हाळ्यात सपाट भासणारा उतार कोरीव होतो. जुलैत गवत हिरवंगार, फेब्रुवारीत पिवळं. दोन्ही घ्यावेत, एकाच जागेवरून.

माउंट रॉस्किल, सँड्रिंगहॅम, डोमिनियन रोड या पट्ट्यात आपली, दक्षिण भारतीयांची, फिजीतल्या भारतीयांची, सामोअन, सोमाली, चिनी घरं शेजारीशेजारी आहेत. इथे दिवाळी वसंतात येते, संध्याकाळ लांबलेली असते आणि पणत्यांना अंधाराची वाट पाहावी लागते. त्या वेळी मागे डोंगर येईल असा अंगणाचा फोटो काढायला भरपूर उजेड असतो.

मराठी कुटुंबांना माझी विनंती आहे. पोरांना घेऊन डोंगरावर जा, आणि फोटो काढताना टाकी, रस्ता, शेजाऱ्याचं छप्पर काहीही कापू नका. फोटोवर तारीख, जागा आणि दिशा लिहून ठेवा. सणाचे, दुकानांचे, अंगणांचे जुने फोटो सुटकेसमध्ये पडले असतील तर ऑकलंड लायब्ररीजच्या वारसा विभागाकडे त्यांची विचारणा करा. थ्री किंग्जचे दोन डोंगर आज कागदावरच आहेत, आणि तेही कुणीतरी तेव्हा कॅमेरा लावला म्हणून.