नव्वद दिवसांचा दाखला

शिवालिकच्या पायथ्याशी, चंडीगडला खेटून असलेले मुल्लानपूर मराठी माणसाला माहीत असते ते बहुधा आयपीएलच्या स्टेडियममुळे. दुसरी ओळख अधिक जवळची आहे. परळच्या टाटा मेमोरियल केंद्राने इथे ३०० खाटांचे कर्करोग रुग्णालय उभारले. खर्च ६६० कोटींहून अधिक, उद्घाटन २४ ऑगस्ट २०२२. परळच्या फुटपाथवर पथारी टाकणारे परगावचे रुग्ण ज्यांनी पाहिलेत, त्यांना या इमारतीचे मोल सांगावे लागत नाही.

भोवती ‘न्यू चंडीगड’ची बांधकामे चालू आहेत. त्यांवर राबणाऱ्यांत उत्तर प्रदेश-बिहारचे गवंडी आणि बिगारी पुष्कळ. पंजाबात त्यांना ‘भैये’ म्हणतात, मुंबईत ‘भय्ये’. शब्दाचा मूळ अर्थ भाऊ, पण दोन्हीकडे तो हाकेसारखा कमी आणि शिवीसारखा जास्त वापरला जातो.

याच मोहाली जिल्ह्यातल्या मुंधो संगतियां गावात परप्रांतीयांना घरे भाड्याने देऊ नयेत असा ठराव झाला आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये प्रकरण पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयात गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये होशियारपूरला एका लहान मुलाची हत्या झाली, तेव्हा आणखी काही पंचायतींनी असेच ठराव केले. एका आरोपीच्या गुन्ह्याचे ओझे हजारोंच्या डोक्यावर आले. देशात कुठेही राहण्याचा हक्क घटनेचे १९ वे कलम देते. तरीही पाणी, शाळा, दवाखाना यांवर ताण पडतो ही गावकऱ्यांची तक्रार खोटी नाही. पण हा ताण सोसायला लागणारा पैसा कुठून यायचा आणि तो कुठे अडतो, याची चौकशी सहसा होत नाही.

पंजाबने एकदा असा हिशोब चोख मांडला होता. फाळणीत पूर्व पंजाबात आलेल्या हिंदू-शीख शेतकऱ्यांनी पलीकडे सुमारे २७ लाख हेक्टर जमीन सोडली होती, इकडे वाटायला होती जेमतेम १९ लाख. पुनर्वसन खात्याचे प्रमुख तरलोक सिंग यांनी जमिनीचा कस पाहून ‘स्टँडर्ड एकर’ हे माप ठरवले आणि चढती कपात लावली. पहिल्या दहा एकरांवर २५ टक्के, ५०० एकरांपुढे ९५ टक्के. नोव्हेंबर १९४९ पर्यंत सुमारे अडीच लाख वाटप झाले. लाहोर गेले म्हणून चंडीगड वसले. आमच्याकडे कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि त्याचे उल्हासनगर झाले. जिथे निर्वासिताच्या नावाची फाईल उघडली गेली, तिथे त्याला उभे राहता आले.

पोटासाठी आलेल्या मजुराची फाईल कुठे आहे? कागदावर तीही आहे. १९९६ च्या कायद्यांनी बांधकाम खर्चावर किमान एक टक्का उपकर बसवला. तो कामगारांच्या उपचारासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी, निवृत्तिवेतनासाठी. म्हणजे मजुराच्या कल्याणाचा मोठा वाटा स्थानिक करदात्याने नव्हे, त्याच्याच हातून उभ्या राहणाऱ्या इमारतीने द्यायचा असतो. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आकडे पाहिले. जमा झाले होते ३७,४०० कोटींहून अधिक, खर्च सुमारे ९,५०० कोटी, आणि त्यातही काही पैसा लॅपटॉप व वॉशिंग मशीनवर गेलेला. खर्चाच्या नावाने मजुराकडे बोट दाखवण्याआधी हे आकडे प्रत्येक पंचायतीत मोठ्याने वाचायला हवेत.

पैसा अडतो कुठे, हे सकाळच्या मजूर नाक्यावर समजते. पिशवीत थापी, ओळंबा आणि डबा घेऊन उभ्या असलेल्या माणसाला या उपकराचा लाभार्थी व्हायचे तर गेल्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचे दाखवावे लागते. चार दिवस या मुकादमाकडे, सहा दिवस त्या ठेकेदाराकडे. सही कोणाची आणायची? शिवाय हा उपकर सांभाळणारे कल्याण मंडळ प्रत्येक राज्याचे वेगळे. घरी बिहारात केलेली नोंदणी असली, तरी पंजाबात जमा झालेला उपकर त्याच्या मंडळाकडे जात नाही.

वाट काढता येते, हे रेशनने दाखवले आहे. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजना लागू करण्यासाठी राज्यांना ३१ जुलैची मुदत दिली. पुढच्या वर्षी आसाम शेवटचे सामील झाले. आता बिहारच्या कार्डावरचा मजूर पंजाबातल्या रेशन दुकानात यंत्रावर अंगठा ठेवून आपल्या वाट्याचे धान्य उचलू शकतो, आणि उरलेला वाटा त्याच महिन्यात गावी बायको उचलते. नव्वद दिवसांच्या दाखल्यासाठी असे यंत्र अजून कोणी नाक्यावर आणलेले नाही.