हेलिकॉप्टर नव्हे, आधी ‘तळ’ : हवाई अ‍ॅम्ब्युलन्सकडून आपण काय शिकायचं?

मागच्या हिवाळ्यात आमचा एक जुना विद्यार्थी हायवेवर ट्रकच्या धडकेत सापडला. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. जवळची अ‍ॅम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. शेवटी मोहल्ल्यातल्या पोरांनी त्याला एका पिकअपमध्ये घालून सोलापूरला नेलं. अल्लाहच्या मेहरबानीने पोरगा वाचला, पण त्याचा एक पाय गेला. डॉक्टर एवढंच म्हणाले, “रक्त फार वाहून गेलं. थोडं आधी काहीतरी व्हायला हवं होतं.”

त्यानंतर जुम्म्याच्या नमाजनंतर बैठक झाली आणि अ‍ॅम्ब्युलन्ससाठी वर्गणी सुरू झाली. पैसे जमत आहेत, पण गाडी उभी कुठे करायची यावर गाडं अडलं. कुणी म्हणालं मशिदीसमोर, कुणी म्हणालं बसस्टँडवर, कुणी म्हणालं थेट हायवेच्या फाट्यावर. एक तरुण वैतागून बोलला, “त्यापेक्षा हेलिकॉप्टरच घ्या ना!” सगळे हसले. आम्ही मात्र घरी येऊन त्याच गोष्टीचा विचार करत बसलो. कारण जगात काही ठिकाणी लोकांच्या वर्गणीतून खरंच हेलिकॉप्टर चालतात. आणि गाडी उभी कुठे करायची, हा आपला वाद त्यांच्याकडेही झालेला आहे.

वर्गणीवर चालणारं हेलिकॉप्टर

ऑस्ट्रेलियात १९२८ साली क्लोनकरी नावाच्या दूरच्या गावातून ‘फ्लाइंग डॉक्टर’ सेवा सुरू झाली. जॉन फ्लिन नावाच्या पाद्र्याने ती उभी केली. शेकडो किलोमीटर दवाखाना नाही, तर डॉक्टरच विमानाने पेशंटकडे जाईल, असा साधा विचार त्यामागे होता. ब्रिटनमध्ये १९८७ साली कॉर्नवॉलमध्ये पहिली हेलिकॉप्टर अ‍ॅम्ब्युलन्स उडाली. आज इंग्लंड आणि वेल्समध्ये ही सेवा मुख्यतः धर्मादाय संस्था चालवतात. स्कॉटलंडमध्ये अशा संस्थेने २०१३ साली पर्थ इथे पहिलं हेलिकॉप्टर ठेवलं आणि २०२० साली अ‍ॅबरडीनला दुसरा तळ उघडला.

‘तळ’ म्हणजे नुसतं हेलिपॅड नव्हे. हेलिकॉप्टर ठेवायची शेड, इंधनाची टाकी, पायलट, डॉक्टर आणि पॅरामेडिकसाठी खोल्या, औषधं आणि रक्ताच्या पिशव्या ठेवायचा फ्रिज, कंट्रोल रूमशी चोवीस तास जोडलेला फोन, आणि सरावासाठी जागा, हे सगळं मिळून तळ होतो. फोन आल्यावर चार-पाच मिनिटांत उड्डाण व्हायचं असेल तर माणसं तिथेच तयार बसलेली पाहिजेत. हेलिकॉप्टर एकदा विकत घेता येतं, पण तळ रोज चालवावा लागतो. खरा खर्च तिथे आहे.

कंपास घ्या, वर्तुळ काढा

सातवी-आठवीच्या वर्गात आम्ही हे गणित फळ्यावर मांडलं. अ‍ॅम्ब्युलन्सचं हेलिकॉप्टर ताशी साधारण २४० किलोमीटर वेगाने जातं असं धरू. म्हणजे मिनिटाला ४ किलोमीटर. पंधरा मिनिटांत ६० किलोमीटर. आता तळाच्या जागी कंपासचं टोक ठेवून ६० किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. क्षेत्रफळ येतं सुमारे ११,३०० चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. भागाकार केला तर किमान २८ तळ लागतील. वर्तुळं एकमेकांवर थोडी चढवल्याशिवाय मधल्या फटी बुजत नाहीत, म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्तच. सोलापूरला एक तळ असता तर आपलं जळकोट त्या वर्तुळाच्या आतच आलं असतं.

एका मुलीने लगेच विचारलं, “सर, मग १०८ च्या गाड्यांचं वर्तुळ किती?” सवाल भारी होता. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ साली सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या. त्यातल्या २३३ मध्ये व्हेंटिलेटरसारखी जादा साधनं आणि ७०४ साध्या. सगळ्या गाड्या राज्यभर सारख्या अंतरावर उभ्या केल्या असत्या, तर एका गाडीच्या वाट्याला सुमारे ३२८ चौरस किलोमीटर आले असते, म्हणजे १० किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ. कागदावर हे छान दिसतं. पण जिथे माणसं जास्त तिथे गाड्याही जास्त, आणि एक गाडी पेशंट घेऊन शहरात गेली की तिचं वर्तुळ दोन-तीन तास रिकामं पडतं. त्या रात्री आमच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हेच झालं. दोष एका माणसाचा नव्हता, वर्तुळ रिकामं होतं.

वेल्समधला वाद

ब्रिटनमधल्या वेल्सचं उदाहरण आपल्या बैठकीसाठी फार कामाचं आहे. तिथे हवाई अ‍ॅम्ब्युलन्सचे चार तळ आहेत. हेलिकॉप्टर आणि तळाचा पैसा लोक देतात, डॉक्टर सरकारी आरोग्य सेवेतून येतात. काही वर्षांपूर्वी कॉलची आकडेवारी तपासली, तेव्हा दिसलं की काही ठिकाणची टीम पुरेशी वापरली जात नाही आणि दुसरीकडे गरज असून कुणी पोचत नाही. म्हणून २०२४ साली कार्नार्वन आणि वेल्शपूल हे दोन तळ बंद करून उत्तरेत मध्यावर एक नवा तळ करायचं ठरलं. दोन्ही गावांतले लोक चिडले. “इतकी वर्षं वर्गणी आम्ही दिली आणि आता हेलिकॉप्टर आमच्याकडून नेता?” प्रकरण कोर्टापर्यंत गेलं.

दोन्ही बाजूंचं म्हणणं समजण्यासारखं आहे. तळ दारात असला की माणसाला धीर वाटतो. पण तळाचं काम धीर देणं नाही, जास्तीत जास्त जखमींपर्यंत वेळेत पोचणं आहे. आणि नवी जागा ठरवताना लोकांना आकडे उघड दाखवले नाहीत, तर बरोबर निर्णयावरही त्यांचा विश्वास बसत नाही.

हेलिकॉप्टरच्या मर्यादा

हेलिकॉप्टर म्हणजे जादू नाही. मुसळधार पावसात, दाट धुक्यात ते उडत नाही. रात्री उतरायला उजेड, मोकळी जागा आणि खास तयारी लागते. विजेच्या तारा सगळ्यात मोठा धोका. लंडनमध्ये १९८९ पासून हवाई अ‍ॅम्ब्युलन्स आहे, पण रात्री तीच टीम वेगवान मोटारीतून डॉक्टर पाठवते. म्हणजे खरी दवा डॉक्टर वेळेत पोचण्यात आहे, पंख्यात नाही.

आपल्या देशात ऋषिकेशच्या एम्सने २९ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘संजीवनी’ हेलिकॉप्टर सेवा सुरू केली. डोंगराळ भागासाठी ती मोठी गोष्ट होती. १७ मे २०२५ रोजी तेच हेलिकॉप्टर केदारनाथला उतरताना आदळलं आणि शेपटीचा भाग तुटला. आतली माणसं सुखरूप राहिली. पण एकाच हेलिकॉप्टरवर सेवा उभी असली की एका अपघाताने काय होतं, हे त्यातून दिसलं.

पैसा कुठून?

ब्रिटनमधल्या यातल्या बऱ्याच संस्था साप्ताहिक लॉटरीवर मोठी रक्कम उभी करतात. तो रस्ता आपला नाही. पण आपल्याकडे त्याहून जुना आणि भक्कम रस्ता आहे, तो म्हणजे वक्फ. इ.स. १२८४ साली सुलतान कलावून यांनी काहिराला मोठा दवाखाना बांधला आणि त्याच्या रोजच्या खर्चासाठी मिळकती वक्फ केल्या. इमारतीबरोबर तिच्या उत्पन्नाची सोय आधी लावली, म्हणून तो शतकानुशतके चालला. आपण गाडी घेतो आणि डिझेल, ड्रायव्हरचा पगार, टायर, विमा यांचा विचार नंतर करतो. मग दोन वर्षांत गाडी मदरशाच्या मागे धूळ खात उभी राहते.

म्हणून आमची विनंती अशी आहे की गाडीच्या वर्गणीबरोबर निदान दोन वर्षांच्या चालू खर्चाची रक्कम वेगळी ठेवावी. गाडी आणि डिझेलसाठी सदका आणि लिल्लाह घ्यावा. जकातीचे हकदार ठरलेले आहेत, त्यामुळे ती इथे कशी वापरायची हे आधी उलमांना विचारावं. गरीब पेशंटच्या बिलासाठी स्वतंत्र हिशोब ठेवावा. आणि दर महिन्याचा हिशोब मशिदीच्या बोर्डावर लावावा. अपघातात जात-धर्म विचारून रक्त वाहत नाही, तेव्हा गाडीही सगळ्यांसाठी असावी.

आपला तळ कुठे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आमच्या मते तीन गोष्टी पाहूनच जागा ठरवावी. पहिली, मागच्या दोन वर्षांत अपघात कुठे आणि किती वाजता झाले. पोलीस ठाण्यात आणि दवाखान्यात ही नोंद मिळते. दुसरी, १०८ ची गाडी कुठे उभी असते. तिच्या शेजारीच आपली गाडी लावण्यात अर्थ नाही, तिचं वर्तुळ जिथे संपतं किंवा रिकामं पडतं तिथे आपली हवी. तिसरी, रात्री ड्रायव्हर गाडीजवळ झोपेल अशी खोली कुठे आहे. फाट्यावर गाडी आणि ड्रायव्हर घरी, तर पंधरा मिनिटं तिथेच गेली. या तिन्हीचं उत्तर मशिदीसमोर आलं तर मशिदीसमोर, आणि हायवेच्या फाट्यावर आलं तर फाट्यावर.

गाडी येईपर्यंतचा सगळ्यात जवळचा तळ म्हणजे आपण स्वतः. वाहणाऱ्या जखमेवर स्वच्छ कापड ठेवून जोरात दाबून धरा. गंभीर जखमीला पाणी पाजू नका. मान वाकडी करून उचलू नका. १०८ किंवा ११२ ला फोन करा, हायवेवर असाल तर १०३३ ला सुद्धा, आणि किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा. पोलिसांच्या भीतीने मागे सरू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत कॅशलेस उपचाराची केंद्राची योजनाही आहे. नेमलेल्या दवाखान्यात ती मागा.

तो विद्यार्थी आता कुबडी घेऊन चालतो. पुढच्या जुम्म्याच्या बैठकीला तो येणार आहे. जागेवरून वाद घालण्याआधी आपण एकदा त्याच्याकडे बघू, मग नकाशा आणि कंपास काढू. इंशाअल्लाह, त्या दिवशी जागा ठरेल.